वाचून ठेवलेले मेल गायब होतात, जपून कसे ठेवायचे? (वय ७१, नवशिका)

चष्मा_कुठेय

नमस्कार मंडळी. वय ७१. मेलचं खातं मुलाने २०१५ साली काढून दिलं पण तेव्हा मी त्याला हात लावत नव्हतो, काही आलं तर तोच वाचून सांगायचा. गेल्या तीन वर्षांत मात्र चिकाटीने शिकलो. आता मेल उघडता येतो, उत्तर देता येतं, फोटो जोडून पाठवता येतो (एकदा एकच फोटो सात वेळा गेला, ते सोडा). खातं जीमेलचं आहे, फोनवर बघतो आणि कधीमधी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर.

प्रॉब्लेम असा की माझे वाचून ठेवलेले मेल गायब होतात. सकाळी वाचला, म्हटलं दुपारी निवांत उत्तर देऊ, दुपारी बघावं तर जागेवर नाही. मी डिलीट केलेलं मला तरी आठवत नाही. मुलगा म्हणतो बाबा तुमचंच बोट लागलं असणार. लागलं असेल एखादवेळी, पण रोज लागेल का?

बाकीचे गेले तर दुःख नाही, निम्म्या जाहिरातीच असतात. पण माझा एक मित्र आहे, नोकरीतला, तो २०१६ पासून मला दर रविवारी मेल लिहितो, मेल कसला पत्रच ते, दोन दोन पानी. जुनी पत्रं परत वाचावीत म्हणून शोधायला गेलो तर इनबॉक्समधे हल्लीची चारपाच सोडून काही म्हणजे काही दिसत नाही. सर्च करावं तर हा पठ्ठ्या मराठी लिहितो इंग्रजी अक्षरांत, आणि एकच शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारे, त्यामुळे शब्द टाकून काही सापडत नाही.

त्यात हल्ली वर सारखं दिसतंय की जागा ८५ टक्के भरली. एकाने सांगितलं की पूर्ण भरली की सगळ्यात जुने मेल आपोआप पुसले जातात, तेव्हापासून झोप उडालीये.

तर विचारायचं असं की मेल सेव्ह करायचं बटण नक्की कुठे असतं? वर्डमधे असतं तसं. मी सगळीकडे शोधलं, मला तरी दिसलं नाही.

खटपट_चालू

काका घाबरू नका, ९० टक्के शक्यता आहे की मेल आहेत तिथेच आहेत. अँड्रॉइडवर जीमेल अ‍ॅपमधे मेलवर बोट आडवं सरकवलं की तो अर्काइव्ह होतो, मुळातलं सेटिंगच तसं असतं. अर्काइव्ह म्हणजे डिलीट नाही, फक्त इनबॉक्समधून उचलून आत ठेवला. डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत ना, त्या दाबा, खाली खाली जा, 'ऑल मेल' असं दिसेल, तिथे बघा आणि सांगा.

आणि शब्द टाकून शोधू नका, माणूस टाकून शोधा. सर्चच्या चौकटीत मित्राचा मेलचा पत्ता टाका, पूर्ण. स्पेलिंगची भानगडच नको.

मास्तरीण_रिटायर्ड

मी गेली काही वर्षं आमच्याच वयाच्या लोकांना फोन आणि मेल शिकवते, स्वतः ६६ ची आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून हसू आलं (तुम्हाला नाही हं, मलाच, कारण सेव्हचं बटण मीही शोधलं होतं).

ते बटण नाहीये कारण त्याची गरज नाही. मेल आला की तो आधीच साठवलेला असतो. आणि कुठे साठवलेला असतो हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याला वाटतं मेल माझ्या फोनमधे आला. तो फोनमधे नसतो. तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतो, आणि तुमचा फोन, मुलाचा लॅपटॉप ह्या त्याच्याकडे बघायच्या खिडक्या. खोली एकच, खिडक्या दोन. एका खिडकीतून हात घालून तुम्ही वस्तू हलवली तर दुसऱ्या खिडकीतूनही ती हललेलीच दिसणार. वर्गात बहुतेक सगळे इथेच अडकतात. एक गृहस्थ तर फोनवरून मेल डिलीट करून म्हणायचे, फोनमधली जागा वाचवली, लॅपटॉपवर आहेच की. नव्हता. आणि त्यांना तीन आठवडे ते माहीतच नव्हतं.

आता त्या खोलीत तीन गोष्टी करता येतात त्या नीट वेगळ्या ठेवा. मेल इनबॉक्समधे असणं म्हणजे टेबलावर असणं. अर्काइव्ह म्हणजे टेबलावरून उचलून कपाटात, तिथे तो कायम राहतो, आणि समोरच्याने त्याच मेलला परत उत्तर दिलं की आपण होऊन टेबलावर येतो. डिलीट म्हणजे ट्रॅशमधे, आणि ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमचा जातो, स्पॅमचंही तेच. त्यामुळे ट्रॅशमधे काही जपून ठेवायचं नाही. हसू नका, ठेवतात लोक! एक बाई 'नंतर बघू' वाले सगळे मेल ट्रॅशमधे टाकायच्या कारण ती टोपली हाताशी होती.

तुम्हाला एकच विचारते. हे खातं तुमच्याशिवाय आणखी कुणाच्या फोनवर चालू आहे का? रोज गायब होतात म्हणताय म्हणून. बोट चुकून रोज लागत नाही.

चष्मा_कुठेय

मास्तरीणबाई तुम्हाला दंडवत. सापडलं. म्हणजे चोर सापडला.

आमच्या सौ.चा फोन दोन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा मुलाने घाईत माझंच खातं त्यात घालून दिलं, म्हणाला नंतर तुझं वेगळं काढतो, ते नंतर अजून यायचंय. तर ही रोज दुपारी जेवण झाल्यावर फोन घेऊन बसते आणि तिच्या भाषेत 'केर काढते'. म्हणजे काय तर समोर दिसेल तो मेल बोटाने सर्र सर्र बाजूला. मी समोर बसून बघितलं आज, एका मिनिटात तीस-चाळीस. मी म्हटलं अगं ते माझे मेल आहेत, तर म्हणाली तुमचे कसे, माझ्या फोनवर येतायत. तुमचं खिडक्यांचं उदाहरण तिला सांगितलं, तिला पटलं, पण दोन वर्षं तिने माझं टेबल आवरलं त्याचं कौतुक केलं पाहिजे असंही म्हणाली.

ऑल मेलमधे गेलो. अहो काय आहे तिथे, समुद्र आहे! मित्राचा पत्ता टाकला तर २०१६ चं पहिलं पत्रसुद्धा आलं. खाली खाली जाऊन ते उघडलं आणि तासभर वाचतच बसलो, म्हणून उत्तर द्यायला उशीर.

पण अजून एक आहे. २०२० ला त्याने पत्ता बदलला, नवीन पत्त्यात त्याचं नावच नाहीये, नुसती काहीतरी अक्षरं आणि आकडे. नव्या पत्त्याने शोधलं तर मधलं जवळजवळ एक वर्ष दिसत नाही. सौ.ला विचारलं तर म्हणते तसल्या अगम्य नावाचे मेल मी टोपलीत टाकायचे, फसवणुकीचे असतात असं ऐकलं होतं. आता तिला तरी काय बोलणार, ऐकलेलं बरोबरच होतं. तर टोपलीतले परत येतात का?

खटपट_चालू

हाहा केर काढते 😂 काका काकूंना माझा नमस्कार सांगा

ट्रॅश उघडा, जे असतील ते निवडून वरच्या तीन ठिपक्यांत 'मूव्ह टू' दाबून इनबॉक्स निवडा. पण ३० दिवसांच्या आतले असतील तरच. त्याच्या आधीचे तुमच्या खात्यातून गेले.

एक वर्ष एकदम का गेलं तेही कळलं मला. तुमचा मित्र नवीन मेल न लिहिता जुन्याच मेलला 'रिप्लाय' करत लिहितो का? तसं केलं की जीमेल ते सगळे एकाखाली एक असे एकाच गठ्ठ्यात दाखवतो, एका गठ्ठ्यात १०० पर्यंत मेल मावतात. यादीत दिसते एकच ओळ. त्या ओळीवर डिलीट मारलं की अख्खा गठ्ठा जातो. काकूंना वाटलं एक मेल टाकला, गेली ५० पत्रं. हे असं दिसणं बंद करता येतं, सेटिंगमधे 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' असतो तो काढायचा, मग प्रत्येक मेल सुटा दिसतो. मी तर म्हणेन नव्याने शिकणाऱ्याने तो काढूनच ठेवावा, भले यादी लांबते.

आधी आजच्या आज दोन्ही फोनवर हे करा: जीमेल, तीन रेघा, सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज, त्यात 'स्वाइप अ‍ॅक्शन्स'. उजवीकडे डावीकडे दोन्हीला 'नन' करून टाका. मग बोट कितीही सरकवलं तरी काही होणार नाही. आणि काकूंचं वेगळं खातं काढा लवकर, हे सगळं तात्पुरतं आहे.

जागेबद्दल: जुने मेल आपोआप पुसले जातात हे चूक. गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळतात आणि ते मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून असतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा २०२४ पासून त्यातच मोजतात. भरलं की नवीन मेल येणं आणि जाणं थांबतं, जुने लगेच कुठे जात नाहीत. मात्र भरलेल्या अवस्थेत दोन वर्षं तसंच ठेवलं तर पुसायचा हक्क ते राखून आहेत, म्हणून दुर्लक्षही नको.

आणि मित्राच्या पत्रांनी जागा भरली असेल असं मनातही आणू नका. नुसत्या अक्षरांचा मेल १० केबी धरा. २५ एमबीची एक अटॅचमेंट म्हणजे तसली अडीच हजार पत्रं. दर रविवारी एक लिहिलं तर ४८ वर्षं लागतील 😀 जागा खाणारे दुसरेच असतात, फोनमधले व्हिडिओ आपोआप चढत असतात ते आधी बघा. मेलमधले जाडे शोधायचे असतील तर लॅपटॉपवर सर्चच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात साइज 'ग्रेटर दॅन' १० एमबी टाका. जे येतील ते एकेक बघून उडवा, मग ट्रॅशही रिकामा करा, कारण ट्रॅशमधलं असेपर्यंत ते जागेत मोजतातच.

निळी_शाई

मी सांगू का, मला हे कपाट टेबल काही पटत नाही. जे महत्त्वाचं ते सरळ छापून फाइलला लावा. मी ७४. माझ्याकडे मुलीचे सगळे मेल छापलेले आहेत, सहा फाइली. लाइट गेली तरी वाचता येतात, पासवर्ड लागत नाही, कुणी केर काढत नाही.

खटपट_चालू

@निळी_शाई काका भावना कळते पण सहा फाइली, आणि शोधायचं काय त्यातून. शिवाय छापताना जोडलेले फोटो छापले जात नाहीत हं, बहुतेकदा खाली फाइलचं नुसतं नाव येतं.

निळी_शाई

काका नव्हे, मावशी. आणि शोधायचं नसतंच मला. कुठलंही पान उघडायचं आणि वाचायचं.

खटपट_चालू

सॉरी मावशी 🙏

मास्तरीण_रिटायर्ड

मावशींचं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. कागद आणि पीडीएफ ह्यांचा रस्ता एकच आहे आणि तो सगळ्यांना शिकता येतो. लॅपटॉपवर मेल उघडा, वरच्या बाजूला प्रिंटरचं चित्र असतं, ते दाबलं की प्रिंटची खिडकी येते, तिथे प्रिंटरच्या नावाच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडायचं. झाली तुमची सेव्ह केलेली फाइल, आता ती वर्डच्या फाइलसारखी, पेन ड्राइव्हवर ठेवा नाहीतर छापा. एक खोच आहे. ते वरचं प्रिंटरचं चित्र अख्खा गठ्ठा छापतं आणि त्यात मागच्या मेलचा उद्धृत केलेला मजकूर लपवलेला असतो, म्हणजे तेच तेच परत छापलं जात नाही, ही सोयच आहे. पण एकच मेल हवा असेल तर त्या मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून तिथलं 'प्रिंट' घ्यायचं. जोडलेले फोटो वेगळे उतरवून घ्यायचे, ते विसरू नका.

आता दोनशे चारशे पत्रं एकेक करून पीडीएफ करत बसणं हे मात्र मी कुणाला सांगणार नाही. मी केलंय. दोन दिवस उत्साह असतो, मग कंटाळा येतो, आणि अर्धवट राहिलं की कुठली केली कुठली राहिली कळत नाही. निवडक वीस-पंचवीस करा, मनाला लागलेली. बाकीच्यांना लेबल लावा. लेबल म्हणजे चिठ्ठी चिकटवणं. लॅपटॉपवर मित्राच्या पत्त्याने शोधा, त्याच फॉर्ममधे 'क्रिएट फिल्टर' आहे, त्यात 'अ‍ॅप्लाय द लेबल' ला मित्राच्या नावाचं लेबल करा आणि खालची 'आधीच्या जुळणाऱ्या मेलनाही लावा' अशा अर्थाची चौकट टिक करा. २०१६ पासूनच्या सगळ्यांना एका दमात लागतं आणि पुढच्या येणाऱ्यांना आपोआप लागत राहतं. दुसऱ्या पत्त्यासाठी परत एकदा तेच, लेबल मात्र तेच वापरायचं. त्याच फिल्टरमधे 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' पण टिक करा म्हणजे त्याचं पत्र स्पॅममधे जाऊन ३० दिवसांनी मरणार नाही.

लेबल लावलं म्हणजे दुसरी प्रत झाली असं मात्र नाही. मेल एकच, चिठ्ठी वर. लेबलच्या आत जाऊन डिलीट केलं तर मेलच जातो. एका मेलला कितीही लेबलं लागतात, फोल्डरसारखं नाही की इथे आहे म्हणजे तिथे नाही.

गप्प_वाचक

एरवी लिहीत नाही पण हे सांगितलं पाहिजे. वय ६३. तुम्ही लोक मेल जपायचं बोलताय, माझं खातंच गेलं होतं. म्हणजे दुसऱ्या एका कंपनीकडे माझं जुनं खातं होतं, फोन हरवला, त्यातला नंबर बंद करून नवा घेतला, आणि मग नव्या फोनवर लॉगिन करायला गेलो तर म्हणे तुमच्या जुन्या नंबरवर कोड पाठवलाय. जुना नंबर कुठाय! पासवर्ड बरोबर माहीत असून आत जाता येईना. महिनाभर फॉर्म भरले, शेवटी सोडून दिलं. अकरा वर्षांचे मेल. मेल तिथेच आहेत, मीच बाहेर आहे, असं झालं.

तेव्हा नंबर बदलला की त्याच दिवशी, नवा नंबर लोकांना कळवायच्या आधी, खात्यातला रिकव्हरी नंबर बदला. रिकव्हरीसाठी दुसरा एक मेलचा पत्ताही द्या, मुलाचा द्या. टू स्टेप व्हेरिफिकेशन (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं) चालू असेल तर गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आकडी, एकेक कोड एकदाच चालतो, ते कागदावर लिहून घरात जिथे महत्त्वाचे कागद असतात तिथे ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये म्हणतात तरुण मंडळी. मी लिहितो. घरच्या कपाटातली वही चोरून नेणारा चोर मी अजून पाहिला नाही, फोनच्या कव्हरमधे मात्र ठेवू नका.

आणि काका ते जागा ८५ टक्के भरली हे तुम्हाला नक्की कुठे दिसलं? जीमेलच्या पानावर वर दिसलं असेल तर खरं. पण 'तुमची जागा भरली, २४ तासांत इथे क्लिक करा नाहीतर सगळे मेल डिलीट होतील' असा मेल आला असेल तर त्याला हात लावू नका, तसले फसवे खूप फिरतात. जागा बघायची तर स्वतः खात्यात जाऊन बघायची, मेलमधल्या लिंकवरून कधीच नाही.

चष्मा_कुठेय

जीमेलमधेच वर दिसतं, मेल नाही आला. पण हे वाचून सौ. म्हणाली बघा मी टोपलीत टाकायचे ते उगाच नाही. आता तिला पुरावाच मिळाला.

इतकं झालं: दोन्ही फोनवर ते स्वाइपचं बंद केलं. लेबल लागलं, डावीकडे मित्राचं नाव दिसतं, त्यावर दाबलं की फक्त तोच, हे मला भयंकर आवडलंय. ट्रॅशमधे शेवटच्या महिन्यातली तीन पत्रं होती ती परत आणली. पण ते मधलं एक वर्ष नाहीच. २०२१ चा उन्हाळा ते २०२२ चा उन्हाळा. नेमकं त्या वर्षात तो आजारी होता आणि तेव्हा त्याने सगळ्यात जास्त लिहिलं होतं. असो. बाकीची आहेत हे काय कमी आहे.

जीमेल मराठीतून करता येतं असं आत्ता सेटिंगमधे दिसलं, करू का?

खटपट_चालू

भाषेचं: करता येतं, पण मी आईला करून दिलं होतं आणि पस्तावलो. फोनवरून तिला सांगायला गेलो की अर्काइव्ह दाब, ती म्हणते असं काही नाहीये, आणि मला मराठीतलं बटण आठवेना. जो मदत करणार त्याच्या फोनची भाषा तीच आपली ठेवावी असं माझं मत.

आणि सगळ्याची खरीखुरी दुसरी प्रत, म्हणजे कंपनीच्या खोलीबाहेर आपल्या ताब्यातली, ती हवी असेल तर गूगल टेकआउट आहे. त्यात सगळं न घेता फक्त मेल आणि त्यातही फक्त तुमचं ते लेबल निवडता येतं. तयार झालं की मेलवर लिंक येते, ती आठवड्याभरात संपते, त्यामुळे लगेच उतरवून घ्या. येणारी फाइल एमबॉक्स नावाच्या प्रकारची असते, ती डबल क्लिकने उघडत नाही, म्हणून बरेच जण इथे घाबरतात. थंडरबर्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक अ‍ॅड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घालून उघडते. मुलाला एक रविवार बसवा ह्याला. नाहीतर नुसती पेन ड्राइव्हवर ठेवून द्या, वेळ आली तर कुणीतरी उघडून देईल.

मास्तरीण_रिटायर्ड

थांबा थांबा, ते गेलेलं वर्ष. आपण सगळे तुमच्याच कपाटात शोधतोय. ती पत्रं लिहिली कुणी? मित्राने. मग त्याच्या 'सेंट' मधे ती असणारच, त्याने स्वतः पुसली नसतील तर. कागदाच्या पत्राचं असं नव्हतं, पाठवलं की आपल्याकडे काही उरत नसे, म्हणून आपल्या पिढीला हे सुचतच नाही पटकन. मलाही दोन दिवसांनी सुचलं बघा.

त्याचंही खातं जीमेल असेल तर लॅपटॉपवर सेंटमधे जाऊन तुमचा पत्ता आणि तारखा टाकून शोधायचं, डावीकडच्या चौकटी टिक करून पत्रं निवडायची, वरचे तीन ठिपके, 'फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट'. अशाने पत्र मूळ तारखेसकट जसंच्या तसं येतं, नुसतं फॉरवर्ड केल्यासारखं नाही. फोनवर हे मिळत नाही, लॅपटॉपच लागेल. निवडण्याआधी त्याच्याकडेही तो गठ्ठ्याचा व्ह्यू काढायला सांगा, नाहीतर मधे मधे तुमची उत्तरंही निवडली जातील. आणि एका वेळी दहाच्या वर नको, फोटो जोडलेले असतील तर मेल जड होऊन अडकतो.

चष्मा_कुठेय

मंडळी, मास्तरीणबाई, काय सांगू.

काल त्याला फोन लावला. तो ७२. म्हणाला सेंट म्हणजे काय? मी म्हटलं अरे दर रविवारी पाठवतोस ना, तेव्हा प्रत राहते तुझ्याकडे. म्हणाला मला वाटलं गेलं म्हणजे गेलं. मग मी इकडे आमचा लॅपटॉप समोर घेऊन बसलो, तो तिकडे त्याचा, आणि फोन स्पीकरवर टाकून एकेक बटण सांगितलं. त्याची भाषा इंग्रजी होती म्हणून जमलं, खटपट तुमचं बरोबर. तीन ठिपके सापडायला वीस मिनिटं गेली, तो तीन रेघाच दाबत होता, मीही आधी तेच करायचो त्यामुळे मला राग नाही आला.

त्याने आयुष्यात एकही मेल पुसलेला नाही. न वाचलेले एकतीस हजार आहेत म्हणाला. सगळी पत्रं आहेत, ते आजारपणाचं वर्षही. दहा दहाचे दोन हप्ते काल रात्री आले, लॅपटॉपवर उघडतायत, तारखा बरोबर. मुलाला टेकआउटचं सांगितलंय, तो म्हणाला नंतर. ह्या वेळी तारीख लिहून घेतली त्याच्याकडून.

सौ.चं वेगळं खातं निघालं. तिथे सध्या फक्त मी पाठवलेले दोन मेल आहेत आणि ती म्हणते केर काढायला काही नाही, करमत नाही.

मित्राने मात्र पुढचे हप्ते थांबवलेत. जुनी पत्रं वाचून बघितली म्हणे त्याने, आणि इतक्या चुका आहेत की लाज वाटली, सगळी नीट करून पाठवतो म्हणतोय. मी म्हटलं एक अक्षर बदलशील तर बघ, आहेत तशी पाठव.